वाकळीच्या गाठोड्यातली पँट

वहिनी गेल्याचं मला तिचं तेरावं होऊन गेल्यावर कळलं. पेन्शनच्या कामासाठी बँकेत बसले होते. शेजारचे गृहस्थ पाथर्डीकडचे निघाले. त्यांनी गावाचं नाव घेतलं म्हणून मी घराची खूण सांगितली आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं. "ती म्हातारी व्हय? गेली की. पंधरा दीस झाले," असं म्हणून ते नंबर पुकारला तसे उठले. परत आल्यावर मी तिच्या मुलीबद्दल विचारलं. त्यांना नीट सांगता आलं नाही. "तिकडं बारामतीकडं दिलीय म्हनत्यात. ऊस तोडायला, कोयत्यालाच जात्यात ती बी."

तेव्हापासून हे लिहायचा प्रयत्न करते आहे. दिवसाला चार ओळी होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोन खोडल्या जातात. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आईने ती डोळ्यांनी पाहिली, पण तिलाही ती पुरती कळली नव्हती, आणि मी कळू दिली नाही.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, सुप्याच्या फाट्यापासून दोन कोस आत. वडील मी लहान असतानाच गेले. माझ्याहून सात वर्षांनी मोठा भाऊ होता. जिरायत रान होतं, पण त्याचं मन रानात कधी लागलं नाही. तो नगरला स्टेशनवर एका मालकाची टॅक्सी चालवायचा, तिथेच खोली करून राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. वहिनी आणि त्यांची मुलगी आमच्याजवळ असायच्या.

त्या वर्षांत नगरला लांब केसांचे गोरे लोक उतरायचे. त्यांतल्या एकाला दादाने दोन-तीन दिवस हिंडवून आणलं, आणि जाताना त्याने आपली एक पँट दादाला देऊन टाकली. निळी, जीनची. तशी पँट तेव्हा नगरमध्येही क्वचित दिसायची, आमच्या गावात तर कोणी पाहिलीच नव्हती. कापड इतकं जाड की जमिनीवर उभी केली तर क्षणभर उभी राहायची. खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या ठोकलेल्या, आणि सगळीकडे पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण. दादा ती घालून पहिल्यांदा गावात आला तेव्हा पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने हाक मारली, "काय रं, ताडपत्री गुंडाळून आलास का?"

"व्हय की," दादा म्हणाला. "पाऊस आला की तुमच्या गंजीवर टाकतो."

"येऊ दे तर आदी!" म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता, तरी माणसं तेव्हा हसत होती.

वहिनीला ती पँट धुवावी लागायची. ओढ्याला डबकी राहिली होती, तिथे दगडावर ती आपटताना म्हणायची, "ही धुयाची म्हंजी रेडा धुतल्यागत हाय, वन्सं. एका बाजूनं धरावी तर दुसऱ्या बाजूनं पळती." पण वाळत घालताना ती पँटचे पाय हाताने ओढून ओढून सरळ करायची. इतर कपड्यांना ती असं करत नसे.

माघात दादा गेला. कावीळ झाली होती. नगरला अंगावर काढली आणि घरी आणला तेव्हा उशीर झाला होता. एवढंच. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. दहाव्याला देऊन टाकतात. ठेवले तर जीव घरात घोटाळत राहतो म्हणतात. भावकीतल्या बायकांनी त्याचे दोन सदरे, पायजमे, टोपी, एक स्वेटर असं सगळं एका धोतरात बांधलं. त्यांच्यातली एक म्हणाली, "अन् ती ताडपत्री?" वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नगरला ऱ्हायली आसंल. खोलीवर." कोणी पुढे विचारलं नाही.

आता वाकळीच्या गाठोड्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या घरात, बहुतेक सगळ्याच घरांत तेव्हा, फाटक्या कपड्यांचं एक गाठोडं असायचं. विटलेली लुगडी, धोतराचे तुकडे, बाह्या झिजलेले सदरे, सगळं त्यात पडायचं, आणि पुरेसं जमलं की उन्हाळ्यात बायका थरावर थर घालून वाकळ शिवायच्या. गाठोड्याचा एक नियम होता. तो कोणी सांगायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होता. एकदा कपडा गाठोड्यात गेला की तो कोणाचा राहत नाही. त्यातून कोणीही, काहीही, न विचारता घ्यावं. आईने माझं पहिलं दप्तर त्यातल्याच कापडाचं केलं होतं. मी ज्या चिंधीने पाटी पुसायची ती वडिलांच्या बंडीची आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेव्हाही त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सरकारने रस्त्याची कामं काढली होती. आई आणि वहिनी सकाळी भाकरी बांधून खडी फोडायला जायच्या आणि दिवस मावळताना परत यायच्या. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन बसले होते. गावातून मॅट्रिकला बसलेली मी पहिलीच मुलगी, म्हणून आईने मला खडीवर पाठवलं नाही. घर, चूल, टँकरचं पाणी आणि भाची माझ्याकडे. भाचीला सहावं लागलं होतं. मी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं. ती लवकर शिकली. मी हे आत्या म्हणून सांगत नाही. नंतरच्या इतक्या वर्षांत मी जी मुलं पाहिली, त्यांत तिच्यासारखी थोडीच होती.

कामाला सुटी असायची त्या दिवशी दुपारी वहिनी आतल्या खोलीत झोपायची. डोक्याखाली वाकळीचं गाठोडं घ्यायची. आई ओरडायची, "अगं, उशी हाय की! चिंध्या कशाला घेती डोस्क्याखाली?" वहिनी म्हणायची, "हेच बरं वाटतं." मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे. मला सगळं दिसत होतं.

चैत्रात वहिनीचा भाऊ आला होता. तो तिच्याहून मोठा, पाथर्डीकडच्या डोंगराळ भागातला, बोलायला मऊ. जेवण झाल्यावर आईला म्हणाला, "तिचं आता हितं कोन हाय? ह्या ताईचं लगीन झालं की तुमी दोघीच. लेकराला घेऊन येऊ द्या माझ्यासंगं." आईने ताटं गोळा केली. तो पुढे म्हणाला, "आखाडाच्या आदी येतो न्यायला. मंग तिनं काय ते सांगावं."

त्याच्या मनात काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं आणि त्याला दोष द्यावा असंही नव्हतं. दिवाळी झाली की त्यांचं सगळं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जायचं. तोडणीला एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा आणि एक मोळी बांधणारा. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. त्याला दुसरं माणूस हवं होतं. आणि वहिनी गेली तर भाचीही जाणार, दिवाळीनंतरचे सहा महिने कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाच्या खोपीत राहणार, आणि तिला शाळा कधी दिसणार नाही, हेही मला स्वच्छ दिसत होतं.

मे संपत आला तेव्हा मी वहिनीला विचारलं, "तुला जायचंय का?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माझा हितं जीव हाय, वन्सं. पन माझ्या दादाला न्हाई म्हनायचं तर काय म्हनू? काय तरी निमित्त पायजे."

"पोरीचं नाव शाळेत घातलं तर?"

ती थांबली. परातीवर हात तसाच. मग म्हणाली, "घाला. घातलंत तर मी सांगते त्याला, पोरीची साळा बुडती, मी न्हाई येत."

मला आजही ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. ती राहणार होती.

मी दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांकडे गेले. ते नवीन बदलून आलेले, शिस्तीचे. मी त्यांचीच पुस्तकं आणून वाचायची, म्हणून माझ्याशी चांगले बोलायचे. म्हणाले, "नाव घालू की. पण पहिल्या दिवशी मुलगी गणवेशात पाहिजे बरं का. या वर्षी मी गावाला शिस्त लावणार आहे. तूच पाळली नाहीस तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने सांगू?" पांढरा ब्लाउज आणि गडद निळा स्कर्ट. शाळा उघडायला बारा दिवस होते.

पांढरं माझ्याच जुन्या पोलक्यातून निघालं. निळं घरात कुठेच नव्हतं, आणि नवं कापड आणायचा विषय त्या उन्हाळ्यात कोणी काढत नव्हतं. आई आणि वहिनी कामावर गेल्या होत्या. मी वाकळीचं गाठोडं सोडलं. वरून लुगड्यांचे तुकडे काढत गेले, आणि सगळ्यांत तळाशी, आईच्या फाटक्या इरकलीत गुंडाळलेली, ती पँट होती.

तिथे मी थांबायला हवं होतं. दहाव्याला ती सापडली नव्हती, वहिनी म्हणाली होती की नगरला राहिली. मग ती गाठोड्यात कशी? हा प्रश्न मला पडला, खोटं कशाला सांगू. पण उत्तरही लगेच सापडलं. नगरच्या मालकाने खोलीतलं सामान नंतर कोणाबरोबर तरी पाठवलं होतं, त्यात आली असेल, आणि वहिनीनेच वाकळीसाठी टाकली असेल. गाठोड्यात आहे म्हणजे कोणाची नाही. मी ती बाहेर काढली आणि मला आनंद झाला. दादाच्या कपड्यात त्याची मुलगी शाळेत जाईल, असं काहीतरी पुस्तकी माझ्या मनात आलं, आणि ते मला फार सुंदर वाटलं.

खिसे तपासले. मागचे रिकामे. पुढच्या उजव्या खिशात आत एक छोटा खिसा होता, त्यात बांगडीच्या हिरव्या काचा होत्या, आठ-दहा तुकडे. गावातल्या मुली तशा काचा गोळा करून खेळायच्या, आणि भाचीच्या तर फ्रॉकच्या खिशात नेहमीच असायच्या. तिनेच कधीतरी बापाच्या खिशात भरल्या असतील. मी तिला हाक मारली. "या घे तुझ्या काचा." तिने ओंजळ पुढे केली आणि पळाली.

घरात हिरवा चुडा कोणाचा होता? आईच्या हातात वडील गेल्यापासून काही नव्हतं. माझ्या हातात प्लास्टिकच्या दोन. हे मी आता इथे लिहिते आहे तितक्या सरळ तेव्हाही मांडता आलं असतं. मी मॅट्रिकला बसलेली मुलगी होते.

माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीला टोक करायचं अर्धं ब्लेड होतं. त्याने मी शिवणी उसवायला सुरुवात केली. दोन दुपारी गेल्या. मांडीच्या आतल्या बाजूची शिवण कापड दुमडून दुमडून केलेली होती, चार थरांची. ब्लेड घसरून बोटं कापायची. पिवळा दोरा सुटत जायचा तशी खाली गडद निळी रेघ दिसायची, नवीकोरी, जिला कधी ऊन लागलं नव्हतं. गुडघ्यांवर कापड फिकट पडलं होतं आणि तिथे गुडघ्यांचा उंचवटा तसाच राहिला होता, हाताने दाबला तरी बसत नव्हता. पेट्रोलचा आणि विडीचा वास येत होता. शाळेत त्या वासाने मुली नाक धरतील, म्हणून मी एक हंडा पाणी चुलीवर ठेवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि चारी तुकडे उकळले. त्या उन्हाळ्यात हंडाभर पाणी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. तरी उकळले. वास गेला. पाणी शाईसारखं झालं.

शिंपी देवळाच्या ओवरीत मशीन घेऊन बसायचे. त्यांनी कापड दोन बोटांत धरून बघितलं. "हे कापड हाय व्हय? ह्याच्या चपला शिव. माझ्या मशीनची सुई मोडली तर नगरहून आनून देशील का?"

"काका, फक्त दोन सरळ शिवणी."

"दोन म्हनून आनत्यात अन् चार करून घेत्यात." त्यांनी तुकडा उजेडात धरला. मग त्यांना ओळख पटली. आवाज खाली आला. "ही तुझ्या दादाची न्हवं?"

"वाकळीच्या गाठोड्यात होती."

"गाठोड्यात व्हय," ते म्हणाले, आणि त्यांचंही समाधान झालं. "मंग ठीक हाय." त्यांनी भाचीला पुढ्यात उभं करून माप घेतलं, खडूने रेघा मारल्या, आणि कात्री माझ्या हातात दिली. "कापायचं तूच काप. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. त्याचं पहिलं अंगडं म्या शिवलंय."

मी कापलं. गुडघ्यांचा फिकट भाग आत जाईल असं बेतलं. दोन्ही पायांचे चार पट्टे, वर नेफा, त्यात नाडी. मशीनची सुई खरंच एकदा मोडली. शिंप्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी घातली. जिथे थर जाड होते तिथे त्यांनी दाभण दिलं, पोती शिवायचं, आणि ते काम मी घरी हाताने केलं. टाके एकसारखे आले नाहीत, पण पक्के आले.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी स्कर्ट तयार झाला. संध्याकाळी आई आणि वहिनी कामावरून आल्या तेव्हा मी भाचीला पांढरा ब्लाउज आणि स्कर्ट घालून अंगणात उभं केलं होतं. ती गोल फिरली. कापड इतकं जाड की घेर काही सुटला नाही, पिंपासारखा तसाच फिरला. आई हसली. दादा गेल्यावर पहिल्यांदाच हसली असावी. "अगं बया! मास्तरीणच की!"

वहिनीच्या डोक्यावर पाटी होती, आत घण आणि भाकरीचं फडकं. तिने पाटी खाली ठेवली. "कापड कुठलं, वन्सं?"

"ओळख की."

ती जवळ गेली. उकिडवी बसली आणि स्कर्टची खालची कड हातात घेऊन उलटी केली. एका कडेला पँटची मूळची पिवळी दुहेरी शिवण मी तशीच ठेवली होती, शोभा म्हणून. ती त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने कड नाकाशी नेली. मला वाटलं, टाके बघते आहे.

"धुतली?" तिने विचारलं.

"सोड्यात उकळली. वास होता."

कड तिच्या हातातच होती. भाची म्हणाली, "आये, सोड की." तिने सोडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खिशात काय हुतं का?"

"काचा होत्या बांगडीच्या. हिच्याच. दिल्या तिला खेळायला."

तेव्हा तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला पुढची पन्नास वर्षं सोपी गेली असती. ती इतकंच म्हणाली, "बरा बसलाय." आणि आत गेली. मी मागोमाग गेले. गाठोडं होतं तिथेच होतं, मी पुन्हा नीट बांधून ठेवलेलं. ती त्याच्याजवळ उभी होती, हात न लावता. तिच्या मोकळ्या मनगटांकडे माझं लक्ष गेलं, आणि तिथे, त्या क्षणी, मला कळलं. माघात भावकीतल्या बायकांनी तिला दाराशी बसवून चुडा फोडला होता, आणि काचा उडून जमिनीवर पडल्या होत्या. त्या कोणी झाडल्या, कुठे टाकल्या, हे मी पाहिलं नव्हतं.

बाहेर अजून उजेड होता. वहिनी अंगणात येऊन लेकीला म्हणाली, "कुठं खेळलीस काचांनी? दाव मला." भाचीने गोठ्यामागची मऊ माती दाखवली. काही शेजारच्या मुलीला दिल्या होत्या, काही बिळात पुरल्या होत्या, कुठल्या बिळात ते तिला आठवत नव्हतं. वहिनी गुडघ्यांवर बसून माती चाळू लागली. मी पुढे होऊन हात घातला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वन्सं. तुमी ऱ्हाऊ द्या." आई ओट्यावरून विचारत होती, काय सांडलं? तिला दोन तुकडे सापडले. एक हिरवा होता. दुसरा लाल, कोणाचा तरी.

सोमवारी शाळा उघडली. मी भाचीला हाताला धरून नेलं. पटांगणात मुलं उभी होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक असेल त्या कपड्यांत होती. एक मुलगा तर नुसत्या बापाच्या सदऱ्यात. हेडमास्तर सगळ्यांवरून नजर फिरवत गेले आणि एका शब्दाने कोणाला काही बोलले नाहीत. नाव लिहून घेताना मला म्हणाले, "या साली कसला गणवेश आणि कसलं काय. तू मात्र शब्द पाळलास, शाब्बास." मला तिथून पळून जावंसं वाटलं. स्कर्ट नसता तरी नाव लागलं असतं.

भाची चार दिवस शाळेत गेली. चौथ्या दिवशी तिने पाटीवर स्वतःचं नाव लिहून आणलं आणि ते पुसू देईना.

शुक्रवारी सकाळीच वहिनीचा भाऊ आला. आईने त्याला पाणी दिलं आणि मी शिकवलं होतं तसं लगेच सांगून टाकलं, "पोरीचं नाव घातलंय साळंत. आता वर्सभर तरी हालवता यायचं न्हाई."

तो म्हणाला, "मंग चांगलंच केलं. कामून न्हाई म्हनू? लेकराचं चांगलं व्हतंय." त्याने बहिणीकडे पाहिलं. तो खरंच तयार होता. परत जायला तयार होता.

वहिनी म्हणाली, "येते मी, दादा."

आईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, पोरीची साळा?"

"तिकडं बी आसंल की साळा."

नव्हती, हे तिलाही माहीत होतं.

मी तिला आत ओढून नेलं. काय काय बोलले ते आठवत नाही. मी तिच्या पायांना हात लावला, हे आठवतं. धाकट्या नणंदेने वहिनीच्या पाया पडण्यात जगावेगळं काही नाही, पण तिने मला खांद्याला धरून उठवलं. म्हणाली, "तुमी वाईट केलं न्हाई. चांगल्यासाठीच केलंत, ठाऊक हाय मला. मी तरी कशाला खोटं बोलले दहाव्याला? माझीच चूक. पन वन्सं, डोस्क्याखाली ते असायचं तवर मला वाटायचं, हे घर हाय. आता मला हितं झोप यायची न्हाई."

"मला सांगायचं होतंस, वहिनी."

"काय सांगनार? मेल्या मानसाची तुमान घेऊन झोपते म्हनून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून ती दोघं भाचीला घेऊन एसटीने गेली. भाचीने स्कर्ट घातला होता, दप्तर काखेत. तिला वाटत होतं, सुटीत मामाकडे जातात तशीच ती जाते आहे. मामाला विचारत होती, सोमवारी परत यायचं ना?

मी पास झाले. आईने पेढे वाटले नाहीत, मीच नको म्हणाले. दिवाळीनंतर मी शिक्षिकेच्या कोर्सला नगरला होते, तिथून एका रविवारी विचारत विचारत नदीकाठच्या कारखान्यावर गेले. तळावर शेकडो खोपी, सगळ्या सारख्या. वहिनी फडातून येत होती. डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, ओठ उललेले. मला बघून तिने भारा टाकला आणि हसली. मनापासून हसली, म्हणून मला रडू आलं. भाची मामाच्या तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. अंगात कोणाचा तरी सदरा आणि खाली तोच स्कर्ट, मातीने रंग ओळखू येत नव्हता.

वहिनीने चुलीवर चहा ठेवला. माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिलं. म्हणाली, "लई टिकाऊ शिवलात, वन्सं. पाचट लागत न्हाई तिच्या पायाला. बाकीच्या पोरींच्या पिंढऱ्या बघा, सोलून निघाल्यात." ती टोमणा मारत नव्हती. तिला तो खरंच चांगला वाटत होता.

मी म्हणाले, "हिला माझ्याबरोबर पाठव. आई सांभाळेल. शाळा अजून बुडाली नाही फार."

"पट्टा पडू द्या कारखान्याचा. मंग बघू." कारखाना बंद व्हायला अजून चार महिने होते. भाचीला मी जवळ बोलावलं, तिच्या पाटीबद्दल विचारलं. ती बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "फुटली." तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं असं नाही. तिला बाळाची दोरीची झोळी बांधायची घाई होती.

पुढच्या वर्षी आई आजारी पडली, आणि मी वहिनीकडे गेले नाही. मग आई गेली, माझी नेमणूक अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली, आणि पत्र लिहायचं तर तिथे वाचणारं कोणी नव्हतं. ही कारणं खरी आहेत. त्यांच्याआड मी लपले, हेही खरं आहे. मला वहिनीसमोर जायची भीती वाटायची.

मी आजारी आईला बघायला गावी गेले होते तेव्हा हेडमास्तरांनी मला शाळेचा पट दाखवला होता. त्यांची बदली होणार होती, ते सगळं नीट करून ठेवत होते. भाचीच्या नावापुढे चार दिवसांच्या हजेरीच्या चार खुणा, आणि नंतर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर, नाव कमी केले.' त्यांना वाटलं मी काही म्हणेन. मी पट मिटून त्यांच्या हातात दिला. नंतर मी स्वतः शिक्षिका म्हणून ज्या ज्या गावात होते तिथे दिवाळीनंतर तोडणीला गेलेल्या मुलांच्या नावांपुढे तेच पाच शब्द मला लिहावे लागले. नियम होता. सुरुवातीला मी महिनाभर थांबायची, कोणी परत येईल म्हणून. पुढे थांबणं सोडलं.